घर कोनी शे का?

प्रश्न भुसावळहून आला आहे. विचारणारे एका सरकारी कार्यालयात अधिकारी आहेत. हाताखाली अकरा जण, त्यांत चार बायका. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : "मागच्या महिन्यात एका महिला सहकाऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, की बैठकीत मी बायकांचं बोलणं अर्ध्यात तोडतो, आणि तिने सुचवलेली गोष्ट मी दुसऱ्याच्या नावाने वरिष्ठांपुढे मांडली. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी घरी भांडी घासतो, हुंडा घेतला नाही, मुलीला पुण्याला इंजिनिअरिंगला घातलं आहे. तरी माझ्या मनात बायकांविषयी पूर्वग्रह असेल का? असला तर ओळखायचा कसा आणि घालवायचा कसा?"

भाऊ, आहे. माझ्याही मनात आहे, आणि मी सव्वीस वर्षं जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत याच विषयाची प्रशिक्षणं घेते. सरपंच, ग्रामसेवक, शिक्षक, बँकेतले लोक, पोलीस पाटील, बचतगट, सगळे झाले. म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी तुमच्या यादीचं बघू. भांडी, हुंडा, मुलीचं शिक्षण. तक्रार कचेरीतली आणि साक्षीदार तुम्ही आणले घरचे! तुमची ती सहकारीही घरी भांडी घासत असणार, पण तिने ते मोठेपण म्हणून सांगितलं नाही. पुरुषाने घासलेलं भांडं तेवढं मोजलं जातं. टोमणा म्हणून म्हणत नाही, माझ्या नवऱ्याची यादी हीच आहे, फक्त त्यात भांड्यांऐवजी भाजी निवडणं आहे.

माझं लहानपण अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात गेलं. दुपारच्या वेळी कोणी तरी दारात येऊन हाक मारायचं, "घर कोनी शे का?" म्हणजे आमच्या अहिराणीत, घरी कोणी आहे का? आई चुलीपाशी, आजी ओसरीवर डाळ पाखडत, मी आणि बहीण पाटी घेऊन बसलेल्या. आई आतून सांगायची, "कोनी नही." आणि माणूस आल्या पावली परत. घरात चौघी जणी, आणि घर रिकामं. विचारणाऱ्याला त्यात काही चूक वाटत नव्हतं, सांगणारीलाही नाही.

हा किस्सा मी प्रशिक्षणांत वर्षानुवर्षं सांगत आले. लोक हसतात, बायका जरा जास्तच हसतात. आणि मग एकदा चोपडा तालुक्यातल्या एका गावी मी फोन लावला. पलीकडून बाईचा आवाज आला. मी विचारलं, "ताई, सरपंच आहेत का जवळ?" ती म्हणाली, "बोला, मीच सरपंच." महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये बायकांना ५० टक्के आरक्षण २०११ मध्ये आलं, ही त्यानंतरची गोष्ट. आणि मी फोन कशासाठी केला होता, तर महिला सरपंचांच्या मेळाव्याचं आमंत्रण द्यायला.

त्या दिवसापासून मी मनात डोकावून बघणं सोडलं. मन चांगलंच सापडतं. मतं विचारली तर आपण सगळेच समतेच्या बाजूचे, पण फोन उचलला गेल्यावर तोंडातून शब्द बाहेर पडायला अर्धा क्षण लागतो, तेवढ्यात मत विचारायला सवड कोणाला? अमेरिकेत येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रयोगशाळा सांभाळण्याच्या जागेसाठी एकच अर्ज विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना दिला. काहींच्या अर्जावर नाव जॉन, उरलेल्यांच्या अर्जावर जेनिफर, बाकी काना-मात्रेचा फरक नाही. जॉन जास्त लायक ठरला. त्याला वर्षाला सरासरी ३०,२०० डॉलर देऊ केले गेले, जेनिफरला २६,५००. यातला मला सगळ्यात बोचलेला भाग म्हणजे जेनिफरला कमी लेखण्यात महिला प्राध्यापकही पुरुषांच्या बरोबरीने होत्या. यांतल्या कोणालाही विचारलं असतं, तर "मी फक्त गुणवत्ता बघतो" हेच उत्तर मिळालं असतं.

संगणकावर देता येणारी एक चाचणीही आहे, इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट नावाची. गंमत म्हणून द्या, पण एकाच माणसाचा निकाल या आठवड्यात एक आणि पुढच्या आठवड्यात वेगळा येऊ शकतो. तिच्यावरून स्वतःला दोषीही ठरवू नका आणि सुटलो असंही समजू नका.

त्यापेक्षा एक वही घाला. किराणा दुकानदार संध्याकाळी मेळ घालतो ना, तशी. दोन महिने, प्रत्येक बैठकीनंतर पाच मिनिटं. कोण किती वेळा बोललं, कोणाला मध्ये थांबवलं, थांबवणारं कोण, एवढ्याच रेघा ओढायच्या. मग हळूहळू बाकीचं दिसू लागेल. इतिवृत्त कोणाच्या गळ्यात पडतं? चहा सांगायला मान कोणाकडे वळते? निरोप समारंभाची रांगोळी, भेटवस्तूची वर्गणी, कोणाचा तरी वाढदिवस आहे हे लक्षात ठेवणं, या कामांची नोंद कोणत्याच अहवालात नसते आणि ती एकाच बाजूला साचतात. हाक कशी मारता तेही लिहा. पुरुषांना "पाटील साहेब", "महाजन सर", आणि त्याच हुद्द्यावरच्या बाईला नुसतं "ताई"? ताई हा शब्द गोड आहे, मलाही आवडतो, पण ताईचं म्हणणं टिपून घ्यायला कोणी पेन काढत नाही.

आणि एकदा मागच्या तीन वर्षांचे गोपनीय अहवाल, म्हणजे आपले सीआर, काढून बसा. तुम्ही स्वतः लिहिलेले. बायकांच्या अहवालात मनमिळाऊ, शांत, सहकार्य करणारी, आणि पुरुषांच्या अहवालात निर्णयक्षम, धडाडीचा, नेतृत्वगुण असलेला, अशी विभागणी दिसते का? मग नावं अदलाबदल करून मोठ्याने वाचा. "श्री. अमुक हे मनमिळाऊ असून कार्यालयात प्रसन्न वातावरण ठेवतात." हसू आलं ना? जिथे हसू येतं तिथे खूण करून ठेवा. एका बँकेतल्या प्रशिक्षणात शाखाधिकाऱ्यांकडून मी हे करवून घेतलं, तेव्हा पहिली दहा मिनिटं खोलीत हशा होता, नंतर कोणी बोलेना.

तिची सूचना दुसऱ्याच्या नावावर गेली, त्याबद्दल. बहुतेक वेळा ही चोरी नसते. बाई बोलते तेव्हा कान अर्धे उघडे असतात, तीच गोष्ट दहा मिनिटांनी पुरुष म्हणतो तेव्हा पूर्ण उघडतात, आणि आपल्याला प्रामाणिकपणे वाटतं की त्यानेच सांगितली. उपाय साधा आहे. पुढच्या बैठकीत असं काही घडलं की तिथल्या तिथे म्हणायचं, "हे मघाशी मॅडमनी मांडलं होतं. मॅडम, पुढे सांगा." आणि झाल्या गोष्टीसाठी वरिष्ठांना दोन ओळींची चिठ्ठी, की सूचना अमुक यांची होती, माझ्याकडून नाव चुकलं. तिच्यापुढे वारंवार माफी मागू नका. मग तुमची समजूत काढण्याचं कामही तिच्याच अंगावर येतं.

आता ज्या पूर्वग्रहाचा आपल्याला अभिमान असतो त्याकडे येते. काळजी.

काही वर्षांपूर्वी धडगाव भागात पाच दिवसांचं काम होतं, मुक्काम सातपुड्यातल्या पाड्यांवर. माझ्याकडे दोन नवे कार्यकर्ते, एक मुलगा, एक मुलगी. मी मुलाला पाठवलं. मुलीला विचारलंसुद्धा नाही. रस्ता वाईट, मोबाइलला रेंज नाही, संडासाची सोय नाही, तरुण मुलगी. मनात म्हटलं, हिला कशाला त्रास? मुलगा तिसऱ्या दिवशी परत आला. लोक बोलत नाहीत, म्हणाला. बोलणार कसे? त्याला तिथली पावरी बोली येत नव्हती. जेवताना मुलगी सहज म्हणाली, "ताई, माझं आजोळ तिकडचंच आहे. मला पावरी येते." मी म्हटलं, मग आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तुम्ही विचारलं कुठे?"

मी तिच्यावर रागावले नव्हते, तिला कमी लेखलं नव्हतं, उलट माझ्या मनात माया होती. पण त्या मायेपायी तिचा अनुभव बुडाला, पुढच्या पदासाठी नाव जाताना "फील्डचा अनुभव कमी" हा शेरा तिच्या वाट्याला आला असता, आणि तो मीच लिहिला असता. अशी काळजी तुमच्या कार्यालयातही असणार. लहान मूल आहे म्हणून तिला दौऱ्यावर पाठवायचं नाही, उशीर होईल म्हणून तपासणीच्या पथकात घ्यायचं नाही, त्या ठेकेदाराची भाषा वाईट म्हणून ती फाइल तिच्याकडे द्यायची नाही. माझा आता एकच नियम आहे : काम काय, अडचणी काय, सोय काय होईल, हे दोघांनाही सारखं सांगायचं आणि उत्तर त्यांचं त्यांना देऊ द्यायचं. ती नाही म्हणाली तर नाही. मुलगाही नाही म्हणू शकतो. त्या मुलालाही मी विचारलं नव्हतंच, हे पुष्कळ उशिरा लक्षात आलं.

घराकडे वळू, कारण यादी तुम्हीच काढलीत. २०२४ च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ त्यात जातो असं निघालं, आणि पुरुषांचा ८८ मिनिटं. लक्षात घ्या, ही ८८ मिनिटं फक्त त्या पुरुषांची, जे घरकामाला हात लावतात. म्हणजे तुमच्यासारख्यांची. बाकीचे या सरासरीत आलेच नाहीत.

मिनिटांखेरीज दुसरं एक काम आहे, ते कोणत्याच घड्याळावर दिसत नाही : लक्षात ठेवणं. दळण कधी संपेल, सासऱ्यांच्या गोळ्या किती उरल्या, कोणाच्या लग्नात आहेर किती केला होता. तुम्ही भांडी घासता, पण घासणी झिजली हे कोणाच्या लक्षात येतं? "मी मदत करतो" असं म्हणतो तो माणूस काम दुसऱ्याचं आहे हे आधीच मान्य करून बसलेला असतो. आणि पुरुषांना स्वयंपाक जमत नाही हे तर खानदेशात कोणी म्हणूच नये. थंडी पडली की शेतात भरताच्या पार्ट्या होतात. पऱ्हाट्यांच्या जाळावर मणभर वांगी भाजणारे, ठेचणारे, फोडणी घालणारे सगळे बाप्ये. हात चांगला चालतो. फक्त रोजची कळण्याची भाकरी आली की तो आखडतो.

शेतमजुरीबद्दल लांबण लावत नाही. निंदणी आणि वेचणी हे "हलकं काम" असं म्हणणाऱ्याने मे-जूनमध्ये नव्हे, भर पावसाळ्यात आठ तास वाकून तण काढून बघावं. समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच आला. बाईचा रोज आणि गड्याचा रोज हे दोन आकडे आजही आपण न अडखळता वेगवेगळे सांगतो.

खरी परीक्षा सातबाऱ्यावर होते. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आपल्याकडे लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, गौराई बसते, पुरणपोळी आणि आमरस. भाऊ बहिणीला काही कमी पडू देत नाहीत. आणि कितीतरी घरांत याच मुक्कामात, "आलीच आहेस तर" म्हणून, बहिणीला दुय्यम निबंधक कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. वडील गेल्यावर वारस नोंदीत तिचं नाव लागलेलं असतं. ते या सहीने उतरतं.

कायदा स्पष्ट आहे. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात नव्हते तरी हा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सांगितलं. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर तोही तिचाच अधिकार. पण मी प्रशिक्षणांत पुरुषांना विचारते : तिला एकूण क्षेत्र किती ते सांगितलं होतं? विहीर, पाइपलाइन, रावेर-यावलकडे असाल तर केळीच्या बागेचा आजचा भाव? विचार करायला चार दिवस दिले होते? "नाही म्हणालीस तरी आखाजीला बोलावणं येईलच" हे शब्द उच्चारले होते? बहुतेक जण खाली बघतात. त्यांत प्राध्यापक असतात, डॉक्टर असतात, आणि दोनदा तर जेंडरचं प्रशिक्षण देणारे माझेच सहकारी होते.

मीही यातून सुटलेली नाही. माझ्या आत्तेबहिणीने वाटणीसाठी भावावर दिवाणी दावा लावला, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "इतकं ताणायची काय गरज होती?" भावाने आठ वर्षं तिला झुलवत ठेवलं होतं. त्याला हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. हक्क मागणारी बाई लोभी आणि दाबून ठेवणारा भाऊ घर सांभाळणारा, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ते असंच मुरत गेलं, लोणच्यात मीठ मुरावं तसं.

आपल्याकडे भेदभाव कुठाय, असंही काही जण विचारतात. विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे, देशाची पहिली महिला राष्ट्रपती जळगाव जिल्ह्यातली. दोन्ही खरं. पण प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये राष्ट्रपती भवनात गेल्या त्याच दशकात जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या ८८० वरून २०११ मध्ये ८४२ वर उतरली. गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा. शेजारच्या, आदिवासीबहुल आणि पैशाने गरीब नंदुरबारात हे प्रमाण बरंच वर होतं. सोनोग्राफीला पैसा लागतो, ओळखी लागतात, थोडं शिक्षणही लागतं. तेव्हा "आम्ही शिकलेले आहोत" हा बचाव माझ्यापुढे करू नका.

घालवायचा कसा? इथे मी माझ्याच पोटावर पाय देते : एका दिवसाच्या प्रशिक्षणाने फारसं काही होत नाही. दुपारच्या जेवणापर्यंत लोक भारावतात, सोमवारी कचेरीत गाडी जुन्याच चाकोरीत. मी पाहिलेल्यातलं जे टिकलं ते दोन प्रकारचं. एक, बाईला प्रत्यक्ष काम करताना रोज बघणं. पश्चिम बंगालमध्ये झालेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. पुढाऱ्याचं एकच भाषण काहींना पुरुषाच्या आवाजात ऐकवलं, काहींना बाईच्या. जिथे आरक्षणामुळे बाई प्रधान, म्हणजे तिथली सरपंच, होऊन गेली नव्हती, तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी गुण दिले. जिथे होऊन गेली होती, तिथे हा फरक जवळपास मिटला. गंमत अशी की "पुढारी पुरुषच बरा" ही आवड मात्र तिथेही तशीच राहिली. मला हे फार दिलासा देणारं वाटतं. आवड बदलेपर्यंत थांबायचं कारण नाही. पारख आधी सुधारते.

दुसरं, पद्धत बदलणं, म्हणजे तुमच्या मनाच्या चांगुलपणावर काही अवलंबून राहत नाही. इतिवृत्त आणि चहा आडनावांच्या यादीप्रमाणे पाळीपाळीने. मुलाखतीआधी निकष कागदावर, गुण देऊन झाल्यावरच चर्चा. बैठकीत पहिलं बोलणं सगळ्यात कनिष्ठ माणसाचं. आमच्या सरपंच प्रशिक्षणांत पतिराज बायकोच्या खुर्चीमागे उभे राहून उत्तरं द्यायचे. मी त्यांच्यासाठी वेगळा मंडप, वेगळा चहा आणि ठिबक सिंचनाचं वेगळं सत्र ठेवलं. भाषण एकही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी आतल्या बायका तलाठ्याबद्दल जे बोलल्या, ते त्यांच्या नवऱ्यांना आजतागायत माहीत नसेल.

पद्धत कागदावरच राहू शकते, तेही सांगून ठेवते. बाईच्या नावाने घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत महाराष्ट्रात २०२१ पासून आहे. जळगावात कितीतरी फ्लॅट आता बायकांच्या नावावर दिसतात. त्यांची मूळ खरेदीखतं कोणाच्या कपाटात आहेत आणि किल्ली कोणाकडे आहे, हे विचारून बघा.

तुमच्या सहकाऱ्याने तुम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, चारचौघांत नाही. तिने बरीच हिंमत आणि बरंच सौजन्य खर्च केलं आहे. तिला एवढंच सांगा की तुम्ही मोजायला सुरुवात केली आहे. सुधारलो की नाही हे तिला विचारायला जाऊ नका. वही सांगेल.

माझी वही अजून चालू आहे. गेल्या महिन्यात धुळ्याला बैठक झाली, घरी येऊन रेघा मोजल्या. बायकांना पाच वेळा तोडलं होतं, पुरुषांना दोनदा. मी शेजारी लिहिलं, "बायका संख्येने जास्त होत्या." मग हजेरीपट काढून पाहिला. नऊ पुरुष, सात बायका.